दुकानाच्या नावाचे कार्ड आणि बँकेची थकबाकी

२०२४ च्या एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात मुलीच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी शैक्षणिक कर्जाचा अर्ज घेऊन मी नाशिकमधील आमच्या राष्ट्रीयीकृत बँकेत गेले होते. माझा पगार गेली अठरा वर्षे त्याच शाखेत जमा होतो, आणि २०२१ मध्ये फिटलेल्या घरकर्जाचा एकही हप्ता मी कधी चुकवलेला नव्हता. शैक्षणिक कर्जात पालक सहकर्जदार असतात, म्हणून कर्ज विभागातील अधिकाऱ्यांनी माझा सिबिल अहवाल, म्हणजे कर्जांचे आणि कार्डांचे पैसे वेळेवर भरले की नाहीत याची नोंद, काढला, तो थोडा वेळ वाचला आणि संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवून विचारले, "मॅडम, हे कार्ड तुमचंच आहे ना?"

या अहवालात प्रत्येक खात्याखाली महिन्यामहिन्याचे चौकोन असतात, आणि त्या महिन्यात रक्कम किती दिवस थकली होती तो आकडा चौकोनात तीन अंकांत दिलेला असतो. माझ्या घरकर्जाखाली ओळीने शून्ये होती. त्याच्या खाली एका खासगी बँकेचे क्रेडिट कार्ड होते. त्या बँकेत मी आयुष्यात कधी खाते उघडलेले नाही. तरी त्या कार्डाच्या जानेवारी, फेब्रुवारी आणि मार्च या तीन चौकोनांत ०२९, ०५८, ०८९ असे आकडे होते. थकलेली रक्कम तीन हजारांच्याही आत होती, पण ३०० ते ९०० यांदरम्यान मोजला जाणारा माझा गुणांक ६५१ वर आला होता. अधिकारी सौजन्याने बोलले, तरी या स्थितीत अर्ज पुढे पाठवता येणार नाही, हे त्यांनी स्पष्ट सांगितले.

घरी आल्यावर कपाटाच्या खणात ते कार्ड सापडले. पुढच्या बाजूला कपड्यांच्या एका मोठ्या साखळी दुकानाचे नाव ठळक अक्षरांत होते आणि बँकेचे नाव मागच्या बाजूला, चुंबकीय पट्टीच्या खाली, बारीक अक्षरांत होते.

हे कार्ड माझ्याकडे कसे आले ते नीट सांगणे आवश्यक आहे, कारण पुढचा सगळा वाद त्याच दहा मिनिटांवर उभा राहिला. नोव्हेंबर २०२२ मध्ये भाच्याच्या लग्नाच्या खरेदीसाठी आम्ही त्या दुकानात गेलो होतो. तेथे माझे जुने सदस्यत्व होते: मोबाइल क्रमांक सांगायचा, खरेदीवर गुण जमा व्हायचे आणि पुढच्या वेळी तेवढी सूट मिळायची. बिल करण्याच्या रांगेत उभी असताना दुकानाच्याच रंगाचा शर्ट घातलेला एक तरुण टॅब घेऊन आला आणि म्हणाला, "काकू, जुनं सदस्यत्व आता या नवीन कार्डावर येणार. तुमचे पॉइंट्स यातच जमा होतील. आपल्याच स्टोअरचं कार्ड आहे, एकदम फ्री, आणि आजच्या बिलावर पाचशे रुपये कमी होतील." मी पॅन क्रमांक दिला, आधारचा ओटीपी सांगितला, आणि ई-मेलचा पत्ता मी तोंडी सांगत असताना त्याने तो स्वतः टाइप केला. मागे रांग वाढत होती आणि आमच्या हातात तीन पिशव्या होत्या. 'क्रेडिट कार्ड' हा शब्द त्याने एकदाही उच्चारला नाही. मीही पडद्यावरचे वाचले नाही, आणि ही माझी चूक मी पुढे प्रत्येक पत्रात मान्य केली.

जानेवारी २०२३ मध्ये मी त्या कार्डावर ३,२४० रुपयांची एकच खरेदी केली, ती रक्कम त्याच आठवड्यात दुकानाच्या अ‍ॅपमधून भरली आणि कार्ड खणात ठेवून दिले. डिसेंबर २०२३ मध्ये दुसऱ्या वर्षाची वार्षिक फी म्हणून ४९९ रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, असे ५८८ रुपये ८२ पैशांचे बिल निघाले. ते ज्या ई-मेल पत्त्यावर गेले त्यात माझ्या आडनावातील एक अक्षर गळलेले होते. पुढे दर महिन्याला विलंब शुल्क, त्यावर जीएसटी, महिना साडेतीन टक्के म्हणजे वर्षाला ४२ टक्के दराचे व्याज आणि त्या व्याजावरही जीएसटी, असे चढत चढत एप्रिलच्या बिलात ही रक्कम २,९२७ रुपये झाली. मी वापरलेल्या एकाही रुपयाचे देणे त्यात नव्हते.

मोबाइलवर संदेश आले नव्हते का, असा प्रश्न मला पुढे प्रत्येकाने विचारला. ते आले होते. परंतु ते बँकेच्या नावाने आले होते, दुकानाच्या नावाने नव्हे. जिथे आपले खातेच नाही अशा बँकेकडून थकबाकीचा संदेश आणि सोबत पैसे भरण्याची लिंक आली, तर ती फसवणूक समजून हात लावू नये, हेच तर पोलीस आणि बँका आपल्याला रोज सांगत असतात. मार्चमध्ये दोनदा फोन आला आणि दोन्ही वेळा मी तो याच कारणाने बंद केला. कार्ड दुकानाचे म्हणून गळ्यात घालायचे आणि वसुली मात्र बँकेच्या नावाने करायची, या पद्धतीत सावध माणूसच आधी अडकतो, असे माझे ठाम मत झाले आहे.

पहिले दहा-बारा दिवस हेलपाट्यांतच गेले. दुकानाच्या व्यवस्थापकांनी कार्ड बँकेचे असल्याचे सांगून हात वर केले. बँकेच्या शाखेत कार्ड विभाग वेगळा असल्याचे उत्तर मिळाले आणि टोल फ्री क्रमांकाची चिठ्ठी हातात दिली गेली. त्या क्रमांकावरील मुलीने अर्धे विलंब शुल्क माफ करण्याची तयारी दाखवली, पण उरलेले पैसे भरून मी कार्ड चालू ठेवावे, अशी तिची अट होती. मी नकार दिला आणि तक्रार क्रमांक मागितला. तो दिल्याशिवाय फोन ठेवणार नाही असे सांगितल्यावर तो मिळाला, आणि तिथून पुढे मी या विषयावर एकही गोष्ट तोंडी केली नाही.

आमच्या शाळेतील एका सहकारी शिक्षकांच्या सल्ल्यावरून मी रिझर्व्ह बँकेचे क्रेडिट आणि डेबिट कार्डांविषयीचे २१ एप्रिल २०२२ चे निर्देश वाचले. १ जुलै २०२२ पासून ते लागू होते, म्हणजे माझे कार्ड निघाले तेव्हा अमलात होतेच. दोन रविवार पेन्सिल घेऊन मी ते वाचत बसले, आणि रागाने बोलण्यापेक्षा मुद्द्यावर बोलणे मला त्यानंतरच जमू लागले. दुकानासारख्या भागीदाराच्या नावाने निघणारे कार्ड त्या भागीदाराने स्वतःचे उत्पादन म्हणून विकायचे नाही, जाहिरातीत कार्ड देणाऱ्या बँकेचे नाव स्पष्ट दिसले पाहिजे आणि भागीदाराची भूमिका प्रचार व वितरणापुरतीच राहिली पाहिजे, असे त्यात आहे. न भरलेले शुल्क आणि कर मुद्दलात मिळवून त्यांवर व्याज लावू नये, असेही आहे; माझ्या बिलात तर शुल्क आणि कर सोडून दुसरे काहीच नव्हते. कार्डधारकाला थकबाकीदार म्हणून पतमाहिती कंपनीकडे (सिबिल ही त्यांतलीच एक) कळवण्यापूर्वी त्याला तशी सूचना द्यावी लागते. आणि सगळी रक्कम भरून कार्ड बंद करण्याची विनंती केली, तर सात कामकाजाच्या दिवसांत ते बंद झाले पाहिजे. तसे झाले नाही तर विलंबाच्या प्रत्येक दिवसाला ५०० रुपये बँकेने ग्राहकाला द्यायचे असतात.

या शेवटच्या तरतुदीमुळे मी एक निर्णय घेतला, जो घरातील कोणालाच पटला नव्हता. २ मे २०२४ रोजी मी पूर्ण २,९२७ रुपये भरले आणि त्याच दिवशी बँकेच्या तक्रार विभागाला ई-मेल पाठवला: ही रक्कम मी हरकत नोंदवून भरत आहे, ती मला मान्य नाही, ती परत मिळावी, अहवालातील नोंद दुरुस्त व्हावी आणि कार्ड आजपासून बंद करावे. जे देणे लागत नाही ते का भरायचे, असे आमच्या घरी यांचे म्हणणे होते. पण थकबाकी उभी असेपर्यंत अहवालातील आकडा दर महिन्याला वाढत राहणार होता आणि कार्ड बंद करण्याची सात दिवसांची मुदतही सुरू होणार नव्हती.

बँकेने कार्ड बंद करण्याऐवजी मला तीन वेळा फोन करून व्हाउचर देऊ केले. त्यानंतर ठरावीक नमुन्यातील अर्ज सही करून टपालाने पाठवावा, असे कळवले. विनंती टपालानेच पाठवा असा आग्रह बँकेला धरता येत नाही, हेही त्याच निर्देशांत असल्यामुळे मी त्या कलमाचा उल्लेख करून उत्तर दिले. २४ मे रोजी तक्रारीवर निर्णय आला. आकारलेले शुल्क अटी व शर्तींप्रमाणे असल्याने ते परत करता येत नसल्याबद्दल बँकेला खेद होता. चुकीच्या ई-मेल पत्त्याविषयी त्यात एक शब्दही नव्हता. कार्ड १ जूनला बंद झाले. सात कामकाजाच्या दिवसांची मुदत १० मेला संपली होती.

मुलीच्या प्रवेशाची मुदत या सगळ्यासाठी थांबणार नव्हती. पहिल्या सत्राची फी भरण्यासाठी मी माझ्या पाटल्या पतसंस्थेत ठेवून सोनेतारण कर्ज घेतले. पतसंस्थेच्या काउंटरवरील माणसाने त्या तागडीवर ठेवून वजन वाचले, तेव्हा मुलगी माझ्या शेजारी उभी होती. पाचशे रुपयांच्या वार्षिक फीतून सुरू झालेली गोष्ट तिथपर्यंत गेली होती. तिच्या चेहऱ्याकडे पाहण्याचे धैर्य मला त्या क्षणी झाले नाही.

१० जूनला मी रिझर्व्ह बँकेच्या एकात्मिक लोकपाल योजना, २०२१ खाली, म्हणजे बँकांविरुद्धच्या ग्राहकांच्या तक्रारी सोडवणाऱ्या लोकपालांकडे, ऑनलाइन तक्रार केली. आधी बँकेकडे लेखी तक्रार केलेली असणे आणि तीस दिवसांत उत्तर न येणे किंवा आलेले उत्तर मान्य नसणे, एवढी अट त्यासाठी होती. शुल्क काही नव्हते आणि वकिलाचीही गरज नव्हती. मी तारखांचा एक पानाचा तक्ता, सर्व ई-मेल, पैसे भरल्याची पावती आणि कार्डाच्या दोन्ही बाजूंची छायाचित्रे जोडली. छायाचित्रात कार्डाचा क्रमांक झाकायला विसरले नाही. तक्रारीचा मजकूर पहिल्यांदा पाच पाने झाला होता. मुख्याध्यापकांनी तो वाचून दीड पानावर आणायला सांगितले, आणि ते किती योग्य होते हे पुढे कळले, कारण बँकेला शेवटी मोजक्या मुद्द्यांचीच उत्तरे द्यावी लागली.

माझी बाजू सगळीकडे भक्कम नव्हती. मी ओटीपी दिला होता आणि कार्ड एकदा वापरलेही होते, त्यामुळे ते माझ्या संमतीशिवाय निघाले असे मला म्हणता येत नव्हते. तसे मी म्हटलेही नाही. परंतु लोकपाल कार्यालयामार्फत बँकेचे लेखी म्हणणे आले, तेव्हा त्यासोबतच्या नोंदींत एक गोष्ट स्पष्ट दिसत होती. डिसेंबर ते मार्च या चारही महिन्यांची बिले 'पत्ता अस्तित्वात नाही' या कारणाने परत आली होती, बँकेच्या यंत्रणेने तशी नोंद ठेवली होती, आणि पतमाहिती कंपनीला कळवण्यापूर्वीची सूचनाही त्याच पत्त्यावर पाठवून बँक मोकळी झाली होती. माझ्या घराचा पत्ता बँकेकडे होता. कार्ड तर टपालाने तिथेच आले होते. मी प्रत्युत्तरात एवढेच लिहिले की, जे कार्ड पोहोचवता आले त्याचे बिल आणि सूचना पोहोचवणे बँकेला अशक्य नव्हते.

जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात बँकेच्या मुख्य कार्यालयातून एका अधिकारी बाईंचा फोन आला. या सगळ्या काळात माझे म्हणणे मध्ये न तोडता ऐकून घेणारी बँकेतील ती पहिली व्यक्ती होती. प्रस्ताव लेखी पाठवावा, अशी विनंती मी केली. बँकेने २,९२७ रुपये परत करण्याचे, कार्ड बंद करण्यास लागलेल्या एकवीस दिवसांच्या विलंबाचे १०,५०० रुपये देण्याचे आणि तिन्ही महिन्यांच्या नोंदी दुरुस्त करण्याचे मान्य केले. २९ जुलैला दोन्ही रकमा माझ्या खात्यात जमा झाल्या. सोनेतारण कर्जाचे व्याज मी मागितले होते. ते मात्र बँकेने नाकारले. लोकपालांकडे प्रकरण पुढे चालवून ते कदाचित मिळाले असते, पण नोंदीची दुरुस्ती आणखी लांबणीवर टाकणे मला परवडणारे नव्हते, म्हणून मी तडजोडीवर सही केली.

ऑगस्टच्या मध्याला मी पुन्हा अहवाल काढला. वर्षातून एक पूर्ण अहवाल प्रत्येक पतमाहिती कंपनीकडून विनामूल्य मिळतो. ही सोय २०१७ पासून आहे आणि मी ती त्याआधी एकदाही वापरली नव्हती. तिन्ही चौकोनांत आता ००० होते, कार्डासमोर 'बंद' असा शेरा होता आणि गुणांक ७४४ झाला होता. सप्टेंबरमध्ये शैक्षणिक कर्ज मंजूर झाले आणि दिवाळीच्या आधी पाटल्या घरी आल्या.

दुकानाशी माझा हिशेब मात्र अजून मिटलेला नाही. जुन्या सदस्यत्वात जमलेले माझे २,१४० गुण त्या दिवशी नव्या कार्डावर वळवले गेले होते, आणि कार्ड बंद होताच ते रद्द झाले. बँकेचे म्हणणे असे की गुण दुकानाचे. दुकानाचे म्हणणे असे की कार्डासोबत ते बँकेच्या योजनेत गेले. त्यांची किंमत फार नाही, हे मलाही माहीत आहे. तरीही मी दुकानाच्या ग्राहक सेवा प्रमुखांना दोन पत्रे लिहिली आणि दुसऱ्या पत्रात विचारले की, तुमच्या शर्टातील तो मुलगा "आपल्याच स्टोअरचं कार्ड" असे म्हणत होता, तेव्हा तो कोणाच्या वतीने बोलत होता. त्या पत्राची पोहोच माझ्याकडे आहे. उत्तर आलेले नाही.