तुम्ही विचारलंत म्हणून : मार्क ट्वेन असताना हॅरिस कशाला?

मार्क ट्वेन हाताशी असताना तुम्ही त्या जुन्या अमेरिकन विनोदी लेखकाला, जॉर्ज वॉशिंग्टन हॅरिसला, काय धरून बसलात, असं मला नेहमी विचारतात. विचारणाऱ्यांनी बहुधा त्याचं पहिलं पान उघडून मिटलेलं असतं. त्यांना दोष नाही. १८६७ साली न्यूयॉर्कला छापलेलं, हयातीतलं त्याचं एकमेव पुस्तक पूर्व टेनेसीच्या डोंगरी बोलीत आहे, आणि स्पेलिंगही कानाला ऐकू येईल तसं. वऱ्हाडी कधी न ऐकलेल्याच्या हातात वऱ्हाडी कथा द्यावी, तसं होतं. म्हणून मोठ्याने वाचा. दोनतीन पानांत त्यातला गोष्टी सांगणारा नायक सट लव्हिंगूड बोलायला लागतो : लांब तंगड्यांचा, दारुडा, भित्रा आणि भलताच खोडकर पोरगा.

१८५४ सालची सटची पहिली गोष्ट घ्या. घरचं घोडं मेलेलं, नांगरट खोळंबलेली. बाप म्हणतो, मीच घोडा होतो. लगाम, साज चढतो. बाप नुसता नांगर ओढून थांबत नाही, तर घोड्यासारखा खिंकाळतो, लाथा झाडतो. झुडूप आलं तर माणूस वळसा घालेल. हा घोडा, म्हणून सरळ आत घुसतो, आणि तिथे गांधीलमाश्यांचं पोळं! अंगावरचं सगळं टाकून तो कड्यावरून ओढ्यात उडी घेतो. डोकं वर काढलं की माश्या, आत घातलं की श्वास कोंडतो. आणि काठावरून सट त्याला शेपटीने माश्या हाकलायला सांगतो! दारिद्र्याची इतकी उघडीवाघडी गोष्ट मी हसत हसत वाचते आणि मग गप्प होते.

हॅरिसचा जन्म १८१४चा, पिट्सबर्गजवळचा. लहानपणीच तो सावत्र भावाबरोबर टेनेसीतल्या नॉक्सव्हिलला आला आणि त्याच्या दुकानात धातुकाम शिकला. शाळा नावापुरतीच. आगबोटीचा कप्तान, शेतकरी, चांदीकाम करणारा, डकटाउनच्या तांब्याच्या खाणींचा सर्व्हेयर, पोस्टमास्तर, शेवटी रेल्वेत. इतकी माणसं जवळून पाहिल्याशिवाय तशी बोली कागदावर उतरत नाही, असं मला ठाम वाटतं.

मार्क ट्वेनने पुस्तक निघालं त्याच वर्षी त्यावर लिहिलं होतं : अमेरिकेच्या पश्चिमेत खपेल, पूर्वेकडचे लोक त्याला असभ्य ठरवतील. पुढे समीक्षक एडमंड विल्सनने तर त्याला साहित्यगुण असलेलं अमेरिकेतलं सर्वांत किळसवाणं पुस्तक म्हटलं. किळस मलाही येते. हॅरिस फुटीरतावादी, म्हणजे दक्षिणेच्या राज्यांनी अमेरिकेतून फुटावं या मताचा होता, लिंकनची त्याने विखारी टवाळी केली, आणि काळ्या माणसांबद्दल त्याने लिहिलेलं वाचवत नाही. तिथे मी त्याची बाजू घेणार नाही. पण सट स्वतःशी कधीच खोटं बोलत नाही. आपण भित्रे आहोत हे तो जाणतो, ते लपवत नाही, आपल्या दुर्दैवाचं खापर कुणावर फोडत नाही. कादंबरीकार विल्यम फॉकनरला तो आवडायचा तो यासाठीच.

१८६९च्या डिसेंबरात हॅरिस नवं हस्तलिखित घेऊन व्हर्जिनियातल्या लिंचबर्गला गेला होता. परतताना गाडीतच आजारी पडला. नॉक्सव्हिलला उतरवला आणि तिथेच ११ तारखेला गेला. हस्तलिखित पुन्हा कुणाला दिसलं नाही. याची मला खरी हळहळ आहे.

तो नॉक्सव्हिलला पुरलेला नाही. चॅटनूगाच्या खाली, जॉर्जियातल्या ट्रेंटनच्या ब्रॉक दफनभूमीत, पहिली बायको मेरी एमेलीन हिच्या शेजारी तो आहे. तिथे त्याच्या नावाची खूण लागायला २००८ साल उजाडलं. तिकडून गेलात तर जरूर थांबा. पण आधी ती घोड्याची गोष्ट वाचून जा, आणि एकट्याने नको; ऐकायला कुणाला तरी समोर बसवा.