सरासरीत न मावणारे

माझ्या मानसशास्त्रीय अहवालात दोन आकडे शेजारी शेजारी छापलेले आहेत: भाषिक आकलन 142 आणि माहितीवर प्रक्रिया करण्याचा वेग 89. या बुद्ध्यांक चाचण्यांत सरासरी 100 धरतात आणि 130च्या वर शंभरातली जेमतेम दोन माणसे जातात. म्हणजे पहिला आकडा मिरवण्याजोगा आणि दुसरा सरासरीपेक्षाही थोडा खालचा. एकूण बुद्ध्यांकाच्या रकान्यात चाचणी घेणाऱ्या बाईंनी काहीच लिहिले नव्हते. विभागांमध्ये इतकी दरी असताना एकच आकडा देणे दिशाभूल करणारे ठरते, असे त्यांचे म्हणणे होते. नागपूरकराला हे समजावून सांगावे लागत नाही. मे महिन्यात 45 अंश आणि डिसेंबरातल्या एखाद्या पहाटे 8 अंश, यांची सरासरी काढून कोणी पाहुण्याला कपडे सुचवत नाही.

दुसरा आकडा कसा आला, तेही मला ठाऊक आहे. दोन मिनिटांत अंकांखाली ठरलेली चिन्हे भरत जायची होती आणि मी प्रत्येक चिन्हाचा कोन नमुन्याशी जुळतो की नाही, हे पाहत बसले होते.

अर्थात एवढ्या दरीवरून अ‍ॅस्पर्जरचे, म्हणजे ऑटिझमच्या एका प्रकाराचे, निदान होत नाही. त्यासाठी दोन बैठकांत माझ्या बालपणाची चौकशी झाली, आईला बोलावून घेतले गेले, आणि 2021 साली, वयाच्या अडतिसाव्या वर्षी, कागदावर त्या निदानाचा एफ 84.5 हा संकेतांक आला. "इतकी हुशार आहेस, मग हे कसं काय?" हा प्रश्न तेव्हापासून मी इतक्यांदा ऐकला आहे की एकदाच सविस्तर उत्तर लिहून ठेवावे असे वाटले. हुशार 'असून' नव्हे, हुशार 'म्हणूनच' हे उशिरा कळले, एवढेच ते उत्तर आहे.

चौथीच्या शिष्यवृत्ती परीक्षेत माझे नाव यादीत आले आणि त्या दिवसापासून माझ्या प्रत्येक विचित्रपणाला घरात एक तयार स्पष्टीकरण मिळाले. वर्गात कोणाशी बोलत नाही, कारण हुशार आहे. पानातल्या भाजीचा ओघळ वरणाला लागला की ताट सरकवते, कारण हुशार मुलांचे नखरे असतात. इतवारीहून सुटणाऱ्या छोट्या रेल्वेचे वेळापत्रक स्थानकांच्या क्रमाने पाठ म्हणून दाखवते, हे तर पाहुण्यांसमोर कौतुकाने करवून घेतले जाई. तिच्या दोन रुळांमधले अंतर 762 मिलिमीटर असते, हेही मी न विचारता सांगत असे. हाच तपशील एखाद्या कमी गुणांच्या मुलाने दिवसातून दहा वेळा सांगितला असता, तर त्याला बहुधा डॉक्टरांकडे नेले असते.

मारबतीचा दिवस मात्र कोणत्याच स्पष्टीकरणात बसत नसे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे मोठाले पुतळे, मिरवणुकीने निघतात, तेव्हा आम्ही महालात आत्याकडे जात असू. काळ्या मारबतीची भोसल्यांच्या बाकाबाईशी जोडलेली आख्यायिका मी भावंडांना फोडणी देऊन सांगत असे. मिरवणूक गल्लीच्या तोंडाशी आली की मात्र मागच्या खोलीत गाद्यांच्या ढिगात डोके खुपसून बसत असे. ढोलांचा आवाज कानांना नव्हे, दातांना लागत असे. बाहेर "घेऊन जा गे मारबत"चा गजर चाले आणि आत्या दारातून म्हणे, "सगळं माहीत आहे हिला, तरी पाहायला नको. गर्व, दुसरं काय!" आत्याचे चुकत नव्हते. इतके बोलणाऱ्या मुलीला एवढ्या साध्या गोष्टीचा त्रास होत असेल, हे तिला सुचणार तरी कसे?

दुसऱ्या बाजूनेही झाकाझाक चालूच होती. इतरांना जे आपोआप कळते ते मी अभ्यास करून शिकत होते. माझ्याकडे त्यासाठी एक दोनशे पानी वही होती. तिसऱ्या पानावर लिहिले आहे: 'कोणी "या ना कधी घरी" म्हटले तर कोणत्या तारखेला, असे विचारू नये.' बुद्धी तल्लख असली की हे नियम लवकर पाठ होतात आणि अभिनय इतका बेमालूम वठतो की पाहणाऱ्याला अडचण दिसतच नाही. दिसतो फक्त संध्याकाळचा थकवा, आणि त्याला आमच्याकडे आळस म्हणतात. हुशार मुलांचे शिक्षण हा स्वतंत्र विचाराचा विषय आहे, हे पुण्यात 1962 साली ज्ञान प्रबोधिनी सुरू झाली तेव्हापासून मराठी समाजाला माहीत आहे. आमच्या घरी मात्र हुशारी म्हणजे गुण, आणि गुण आले की पुढची चौकशी बंद.

नावाबद्दलही थोडे लिहायला हवे. अमेरिकन मनोविकार संघटनेने 2013 साली अ‍ॅस्पर्जर हे वेगळे निदान काढून ते ऑटिझमच्या वर्णपटात घातले आणि जागतिक आरोग्य संघटनेची तशीच नवी वर्गवारी 1 जानेवारी 2022 पासून लागू झाली, म्हणजे माझा कागद काही महिन्यांतच जुना झाला. शिवाय व्हिएन्नाच्या हान्स अ‍ॅस्पर्जरने नाझी काळात काही अपंग मुलांना 'आम श्पीगेलग्रुंड' या संस्थेत पाठवले होते, जिथे मुलांना मारले जात होते, हे इतिहासकार हेर्विग चेक यांनी 2018 साली कागदपत्रांनिशी मांडले. आपल्याकडे उपचारांना आलेल्या काही मुलांच्या बुद्धीचे कौतुक करणारा माणूसही हाच. हे वाचल्यापासून "ऑटिझम आहे, पण हुशार आहे" या वाक्यातला 'पण' मला सहन होत नाही. तो 'पण' माझी बाजू घेतो, आणि ज्या मुलाला बोलता येत नाही त्याला खाली ढकलून घेतो. मी आता नुसते ऑटिस्टिक म्हणते. जुने नाव सांगते ते लोकांना तेच ओळखीचे असते म्हणून.

वही अजून कपाटात आहे, पण तिसऱ्या पानावरचा नियम मी मोडायला लागले आहे. मागच्या आठवड्यात शेजारच्या काकू फाटकापाशी म्हणाल्या, "ये ना वो कधी घरी." मी विचारले, "रविवारी चार वाजता येऊ?" त्या क्षणभर गप्प झाल्या आणि मग म्हणाल्या, "चारले नको, तेव्हा नळ येतात. पाचले ये."