एका दाव्याची हकिगत

डिसेंबरातल्या दुसऱ्या शनिवारी आमच्या तालुका वकील मंडळाचे वार्षिक संमेलन भरते. वकील दिन खरा 3 डिसेंबरचा, डॉ. राजेंद्रप्रसादांच्या जन्मदिनाचा; परंतु त्या दिवशी बहुधा न्यायालय चालू असते आणि बोर्डावर प्रकरण असताना कोणाचेच चित्त ठिकाणावर नसते, म्हणून दुसऱ्या शनिवारची सुट्टी गाठायची हा जुना पायंडा. दीपप्रज्वलन, अहवालवाचन, जमाखर्चास मंजुरी, नव्या सनदधारकांचे स्वागत आणि न्यायाधीश महोदयांचे चार शब्द हे कोणत्याही मंडळात होते तसेच आमच्याकडेही होते. मी ज्यासाठी पहिल्या रांगेतली खुर्ची धरून बसतो तो कार्यक्रम चहानंतर असतो. पत्रिकेवर त्याचे नाव ‘एका दाव्याची हकिगत’ असे छापतात.

दिवाणी बाजूच्या एका ज्येष्ठ वकिलाने आपल्या हातून गेलेले एकच प्रकरण पक्षकाराच्या पहिल्या भेटीपासून शेवटच्या कागदापर्यंत सांगायचे, नावे न घेता नुसते वादी-प्रतिवादी म्हणायचे, आणि निकाल विरुद्ध गेला असेल तर तोही लपवायचा नाही, असे या कार्यक्रमाचे नियम आहेत. फौजदारी बाजूचे आमचे मित्र याला ‘तारखांचे कीर्तन’ म्हणतात. म्हणोत बापडे. दावा, कैफियत म्हणजे प्रतिवादीचे लेखी उत्तर, मुद्दे, सरतपास, उलटतपास, हुकूमनामा आणि मग त्याच्या अंमलबजावणीची दरखास्त या वाटेवर एखाद्या कुटुंबाची पंधरा-वीस वर्षे कशी खर्ची पडतात, हे न्यायालयाच्या रोजनाम्याबाहेर कुठेच लिहिलेले नसते, आणि ते जाणत्या माणसाच्या तोंडून ऐकताना माझा गळा आजही दाटून येतो.

या व्यासपीठावर आमच्या वकीलसाहेबांइतके चांगले कोणी बोललेले मी ऐकलेले नाही. नाव छापलेले त्यांना कधीच रुचले नाही, म्हणून येथेही ते देत नाही. सनद मिळाल्यावर पहिली काही वर्षे त्यांनी सीनियरांच्या कचेरीत फेरिस्ती, म्हणजे दाखल कागदांच्या याद्या, लिहिण्यात आणि नकलांचे अर्ज देण्यात काढली. पुढे ते एका नगरपरिषदेच्या वकिलांच्या पॅनेलवर गेले; घरपट्टीच्या आकारणीची अपिले, गाळ्यांचे भाडेपट्टे, कंत्राटदारांच्या बिलांचे दावे, गटाराच्या जागेवरून आलेले मनाई हुकमाचे अर्ज, असे सारे त्यांनी तेथे हाताळले, आणि नंतर पॅनेल सोडून ते करदात्यांच्या बाजूने उभे राहू लागले. दोन्ही बाजूंच्या खुर्च्यांवर बसून झाल्यामुळे मुख्याधिकाऱ्यांच्या टेबलावर कोणता कागद कुठे अडतो, हे त्यांना घरबसल्या कळत असे.

नोटीस हा त्यांचा आवडता विषय होता. सरकारवर दावा लावायचा तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 80 खाली दोन महिन्यांची नोटीस आणि नगरपरिषदेवर लावायचा तर 1965 च्या नगरपरिषद अधिनियमाच्या कलम 304 खाली एका महिन्याची, शिवाय तेथे दावा सहा महिन्यांच्या आत दाखल व्हायला हवा, हे ते नव्या मुलांकडून संमेलनात मोठ्याने वदवून घेत. या मुदतींच्या कात्रीत सापडून जितके खरे दावे मेले तितके उलटतपासात मेले नाहीत, असे त्यांचे म्हणणे होते, आणि माझ्या अनुभवानेही ते खरे ठरले आहे.

त्यांनी सांगितलेल्या हकिगतींपैकी मला सर्वांत प्रिय आहे ती आरक्षणाची. दोन बहिणींच्या वडिलोपार्जित जागेवर विकास आराखड्यात क्रीडांगणाचे आरक्षण पडले होते. दहा वर्षे उलटली तरी संपादन झाले नाही, जागा विकता येईना, त्यावर बांधताही येईना. नगररचना अधिनियमाच्या कलम 127 खाली अशा मालकाला नियोजन प्राधिकरणावर खरेदी सूचना, म्हणजे जागा विकत घ्या असे सांगणारी नोटीस, बजावता येते. त्यानंतर संपादनाचे पाऊल उचलण्याची मुदत आता चोवीस महिन्यांची आहे, तेव्हा ती सहा महिन्यांची होती. वकीलसाहेबांनी ती सूचना तीनदा फाडून पुन्हा लिहिली. मिळकत पत्रिकेवरील क्षेत्र आणि आराखड्यातील क्षेत्र यांत थोडा फरक होता, तो त्यांनी आधी मोजणीने मिटवला, मग सूचना स्वतः आवक विभागात नेऊन दिली आणि स्थळप्रतीवर शिक्का, सही व तारीख घेतल्याशिवाय तेथून हलले नाहीत. सहा महिन्यांत नगरपरिषदेने काय केले, तर एक ठराव. ठराव म्हणजे संपादनाच्या दिशेने उचललेले पाऊल होय की नव्हे, यावर पुढे सारे भांडण झाले. नुसता ठराव करणे किंवा प्रस्ताव पाठवणे पुरेसे नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2007 मध्ये स्वच्छ सांगितले खरे, पण ही हकिगत त्याच्या आधीची आहे.

हे भांडण दिवाणी न्यायालयात नव्हे, उच्च न्यायालयात रिट अर्जावर चालले. मुंबईचे वकील उभे राहिले, आरक्षण व्यपगत झाले, म्हणजे आपोआप संपले, आणि निकालपत्रावर आमच्या वकीलसाहेबांचे नाव कोठेही आले नाही. तरीही आयुष्यातले सर्वांत मोठे काम म्हणून त्यांनी हेच प्रकरण निवडले आणि हकिगतीतला निम्मा वेळ त्या आवक शिक्क्याचे वर्णन करण्यात घालवला. त्यांचे कारकून मागच्या रांगेत बसलेले असत. साहेब बोलता बोलता एखाद्या तारखेशी अडले की मागून हळूच आवाज येई, “साहेब, एकोणीस तारीख, मंगळवार.” साहेब मान न वळवता “बरोबर” म्हणत आणि पुढे बोलू लागत. सभागृह हसे, मला मात्र त्या दोघांचा हेवा वाटे.

दोष सांगायचाच तर त्यांच्या भाषणात फिरोजशहा मेहता दरवर्षी येत आणि लवकर जात नसत. 1871 मध्ये हा तरुण बॅरिस्टर मुंबईच्या कारभारावर करदात्यांच्या निवडून दिलेल्या प्रतिनिधींचा अंकुश हवा म्हणून उभा राहिला, 1872 च्या कायद्याने 64 पैकी निम्म्या जागा करदात्यांना मिळाल्या, आणि 1888 चा जो कायदा घडवण्यात त्यांचा वाटा होता तोच आजही मुंबईत लागू आहे, हे आम्हाला तोंडपाठ झाले होते. त्यांच्या जोडीला आमच्याच जिल्ह्यातील मुरुडचे कायदेपंडित रावसाहेब विश्वनाथ नारायण मंडलीक यायचे. त्यांचे नाव निघाले की मागच्या बाकांवरूनही टाळ्या पडत. रतलाम नगरपालिकेच्या प्रकरणातला सर्वोच्च न्यायालयाचा 1980 चा निकाल मात्र मी कितीही वेळा ऐकायला तयार असे. उघडी गटारे आणि दुर्गंधी यांनी गांजलेल्या रहिवाशांपुढे नगरपालिकेने पैसे नसल्याची सबब सांगितली आणि न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी ती ऐकून घेतली नाही, हे सांगताना वकीलसाहेबांचा आवाज चढत असे. असल्या सबबी एकेकाळी त्यांनी स्वतःच कैफियतींत लिहिलेल्या होत्या, हेही ते त्याच दमात सांगून टाकत.

आता उपस्थितीविषयी. मंडळाचे निम्मे सभासद साडेबाराला, म्हणजे पाने मांडण्याच्या सुमारास उगवतात. पूर्वी मुंबईच्या कामाची सबब असे. 18 ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूरला उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाल्यावर आता कोल्हापूरची सबब मिळाली आहे. शनिवारी उच्च न्यायालय बसत नाही, हे या मंडळींना आम्ही सांगायचे काय? ज्यांच्या खोलीत वकीलसाहेबांनी तयार केलेल्या नोटिसांचे नमुने आजही वापरले जातात, त्यांच्यापैकी काहीजण त्यांच्या शेवटच्या हकिगतीला आले नाहीत, याचे मला फार वाईट वाटले.

न येणाऱ्यांविषयी एवढे लिहिल्यावर येणाऱ्यांना विसरून चालणार नाही. आदल्या संध्याकाळी खुर्च्या मांडणारे पट्टेवाले व बेलिफ मंडळी, प्रांगणाच्या परवानगीचा अर्ज वेळेत पुढे सरकवणारे नाझरसाहेब, पत्रिका फुकट टंकून देणाऱ्या वडाखालच्या टंकलेखक ताई आणि त्यांच्या शेजारचे मुद्रांक विक्रेते, रांगोळी काढणाऱ्या व सूत्रसंचालन सांभाळणाऱ्या आमच्या महिला वकील भगिनी, ध्वनिक्षेपकवाला पोरगा, वीज गेली तेव्हा जनरेटर दुचाकीवर बांधून आणणारे झेरॉक्सवाले, उपाहारगृहाचे काका, ज्यांनी चहाचे पैसे अर्धेच घेतले, त्यांच्या वहिनी, ज्यांनी सोलकढी केली, आणि सर्व वकिलांचे सर्व कारकून. वर्गणी गोळा करणारे दोन कनिष्ठ सभासद राहिलेच होते, त्यांचाही येथे उल्लेख करतो. जीपवाले मामा मंडळाचे सभासद नाहीत, परंतु वृद्ध सभासदांना घरून आणणे आणि पोहोचवणे ते दरवर्षी करतात.

वकीलसाहेबांना आता ऐकू कमी येते आणि ते व्यासपीठावर चढत नाहीत. यंदाची हकिगत घरपट्टीच्या चतुर्वार्षिक आकारणीवरील एका अपिलाची आहे आणि ती सांगणार आहेत त्यांच्याच हाताखाली तयार झालेल्या आमच्या एक भगिनी. पुराव्याचे काम आजही त्या मराठीत आणि अतिशय नेटके चालवतात. त्यांनी पाऊण तास मागितला आहे, मंडळाने तो एकमताने दिला आहे, आणि हकिगत पुरी होईपर्यंत पाने मांडायची नाहीत, असा ठराव कार्यकारिणीने माझ्या सूचनेवरून संमत केला आहे.