पीटीचं नवं रीएजंट घेण्याआधी

पीटी म्हणजे प्रोथ्रोम्बिन टाइम, रक्त गोठायला किती सेकंद लागतात ते बघायची चाचणी. आमच्या लॅबमध्ये तिचं रीएजंट, म्हणजे रक्त गोठवायला घालायचं थ्रोम्बोप्लास्टिन, बदलायचा विषय निघाला तो किमतीमुळे. पारखून घ्यायचं काम माझ्याकडे आलं. विक्रेत्यानं आल्या आल्या आलेख पुढे केला. जुन्या-नव्या रीएजंटचे सगळे बिंदू एका रेषेत! पण नवं रीएजंट दरवेळी जास्तच दाखवत असलं, तरी रेषा अशीच सरळ येते. म्हणून आलेख बाजूला ठेवला.

सगळ्यात दमवलं ते एमएनपीटीनं. निरोगी माणसांच्या पीटीची ही सरासरी किमान २० जणांचं रक्त घेऊन, आपल्याच मशीनवर काढायची असते. किटच्या कागदावरचा आकडा उचलायचा मोह होतो, पण त्यांचं मशीन वेगळं. स्टाफ पुरेना, म्हणून रामबागेतली ओळखीची मंडळी गाठली. बायका-पुरुष दोन्ही हवेत, वयं वेगवेगळी. रक्त पातळ करायची गोळी चालू नको, लिव्हरचं दुखणं नको, गरोदरपण नको. एका काकूंनी अटच घातली, "अगं, रक्त काढतेच आहेस तर शुगर पण बघ!" बघितली. निळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये रक्त गोठू न देणारं ३.२ टक्के सायट्रेट असतं. नऊ भाग रक्ताला एक भाग. ट्यूब खुणेपर्यंत भरली नाही तर सायट्रेट जास्त होऊन पीटी उगाच लांबते, त्यामुळे एका काकांना दुसऱ्यांदा टोचावं लागलं. ते रागावले, पण थांबले.

मग वॉरफरिन आणि असिट्रोम या रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असलेल्या पेशंटचे नमुने दोन्ही रीएजंटवर लागोपाठ लावले. डॉक्टर गोळीचा डोस ठरवतात तो आयएनआर बघून. आयएनआर म्हणजे पेशंटची पीटी भागिले एमएनपीटी, आणि त्याचा आयएसआय इतका घात. आयएसआय हा त्या-त्या रीएजंटचा संवेदनशीलतेचा आकडा. एमएनपीटी १३ सेकंद, पेशंटची २६, तर गुणोत्तर २. आयएसआय १.० असेल तर आयएनआर २.०, १.३ असेल तर जवळपास २.५. मशीनमध्ये जुना, नव्याहून कमी आयएसआय तसाच राहिला तर हृदयातल्या मायट्रल झडपेच्या जागी कृत्रिम धातूची झडप असलेल्या माणसाचा आयएनआर कमी दिसेल आणि डॉक्टर गोळी वाढवतील.

आमच्याकडे कमी आयएनआरला दोन्ही जुळले. साडेतीनच्या वर नवं भरकटायला लागलं. आयएसआय मोठा असला की पीटीतली बारीक चूकही त्याच पटीत फुगते. लॅबच्या मॅडमनी कागद पाहिले आणि आयएसआय १.० च्या जवळ असलेल्या रीएजंटची बाटली मागवली. "मॅडम, ती महाग पडेल," विक्रेता म्हणाला.

"पडू दे."

आता एपीटीटीची, म्हणजे रक्त गोठण्याच्या दुसऱ्या चाचणीची, पाळी आहे. हेपॅरिन या रक्त पातळ करायच्या इंजेक्शनवरच्या पेशंटचे नमुने हवेत, म्हणून आयसीयूच्या सिस्टरांना आधीच सांगून ठेवलंय.