तीन लाख पुंगळ्यांचं तळघर

आमचे शेजारी निवृत्त प्लंबर आहेत. मनातल्या मनात मी त्यांना काका म्हणते. तोंडावर मात्र इथल्या रिवाजाप्रमाणे नुसत्या नावाने हाक मारते आणि अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यात इतकी वर्षं काढूनही दर वेळी जीभ जराशी अडखळते. गेल्या शनिवारी शिडी मागायला त्यांच्या गॅरेजात गेले, तर ते पिस्तूल पुसून डब्यात ठेवत होते. शिलाई मशीनला तेल घालावं इतक्या निवांतपणे. डब्याच्या कोपऱ्यात एक इवलंसं पाकीट होतं, नव्या शर्टाबरोबर जादा बटणाचं येतं ना, तेवढं. वर पिस्तुलाचा नंबर आणि तारीख. आत काडतुसाची एक रिकामी पुंगळी.

"ही कशाला?" मी विचारलं.

"कारखान्यातूनच येते. सरकारला हवी असायची. आता कुणी विचारत नाही."

पुंगळी आपल्याला पेपरातून ठाऊक असते: 'घटनास्थळी तीन पुंगळ्या आढळल्या.' हातात मी पहिल्यांदाच धरली. बुडाशी मधोमध टिकलीएवढा गोल भाग असतो, तो प्रायमर. पिस्तुलातली पिन त्यावर आपटते, तिचा खळगा उमटतो. शिवाय पुंगळी मागच्या पोलादावर आदळते, त्याच्यावरच्या बारीक रेषाही उमटतात. मोबाइलचा कॅमेरा मोठा करून पाहिलं, तर तारेच्या घासणीने घासलेल्या ताटासारख्या दिसल्या. प्रत्येक पिस्तुलाच्या या खुणा निराळ्या, म्हणजे बोटांचे ठसेच, अशी ती कल्पना.

या कल्पनेवर मेरीलँडने २००० साली कायदा केला, गव्हर्नर ग्लेंडेनिंग यांच्या काळात. त्या वर्षीच्या १ ऑक्टोबरपासून राज्यात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या पिस्तुलाची एक पुंगळी पोलिसांकडे जमा व्हायची. तिचा फोटो संगणकात जाणार. पुढे कुठे खून झाला, पुंगळी सापडली, की संगणक सांगणार कुठलं पिस्तूल, कुठल्या दुकानातलं, कुणी घेतलेलं. ऐकायला किती छान!

पाइक्सव्हिलला राज्य पोलिसांचं मुख्यालय आहे, रायस्टर्सटाउन रोडवर. मी तिथून अनेकदा गेले आहे. त्याच्या पोटात शीतयुद्धाच्या काळातलं, अणुहल्ल्यापासून बचावासाठी केलेलं तळघर आहे, हे मात्र नंतर कळलं. पुंगळ्या तिथे जायच्या, प्रत्येक आपापल्या बारकोडच्या पाकिटात. पंधरा वर्षांत तीन लाखांहून अधिक पाकिटं साठली आणि सुमारे ५० लाख डॉलर खर्च झाले. उपयोग किती वेळा झाला? २६. त्या प्रत्येक वेळी आपण कोणतं पिस्तूल शोधतोय हे तपास करणाऱ्यांना आधीच माहीत होतं.

बिनसलं कुठे? एकाच साच्यातली पिस्तुलं हजारोंनी निघतात, त्यांच्या खुणा एकमेकींसारख्या. वापराने पिन झिजते. सुटे भाग बदलता येतात. रिव्हॉल्व्हर पुंगळी बाहेर टाकतच नाही. आणि हद्द ओलांडून शेजारच्या राज्यातून आणलेल्या पिस्तुलाची पुंगळी पाइक्सव्हिलला येणार कुठून? आपल्याकडे निवडणुका आल्या की परवान्याची शस्त्रं पोलीस ठाण्यात जमा होतात, गावठी कट्टा मात्र कुणी जमा करायला जात नाही. तसंच हे.

२००२च्या ऑक्टोबरमध्ये राजधानी वॉशिंग्टनच्या परिसरात तीन आठवडे लपून गोळ्या झाडल्या जात होत्या, दहा माणसं गेली. ऑफिसातल्या जुन्या बायका अजून सांगतात, पेट्रोल भरताना गाडीच्या आड वाकून उभं राहायचं, पार्किंगमध्ये नागमोडी चालायचं. ते हत्यार निघालं रायफल. कायदा होता फक्त पिस्तुलांपुरता. शिवाय ती आली होती देशाच्या पार दुसऱ्या टोकाच्या वॉशिंग्टन राज्यातल्या दुकानातून.

मला खरा राग पुढच्या गोष्टीचा येतो. २००४ साली पोलिसांच्याच प्रयोगशाळेने अहवाल दिला की हे चालत नाही, थांबवा. थांबवलं नाही. २००७ पासून फोटो काढणं बंद झालं, पण कायद्यात लिहिलंय म्हणून पुंगळ्या येतच राहिल्या आणि पाकिटं रचली जात राहिली, थेट २०१५ मध्ये कायदा रद्द होईपर्यंत. मग ती सगळी भंगारात काढायचं ठरलं. सरकारी दप्तरात वाढलेल्या आपल्यासारख्यांना हे काही नवीन नाही म्हणा!

मेरीलँडचा कायदा झाला त्याच सुमारास कॅलिफोर्नियाने उलटं केलं. कायद्यानेच आपल्या न्याय विभागाला सांगितलं, आधी तपासून सांगा हे जमेल का. तज्ज्ञांनी ७९२ पिस्तुलं झाडून पाहिली. दोन्ही वेळा एकाच कंपनीचं काडतूस वापरलं तरी संगणक ३८ टक्के वेळा चुकला, दुसऱ्या कंपनीचं वापरलं की ६२ टक्क्यांच्या वर. तो साठा त्यांनी उभारलाच नाही. मेरीलँडमध्ये मात्र वरातीमागून घोडं.

म्हणून खुणा जुळवणं सगळंच फोल, असं नाही. गुन्ह्याच्या जागी सापडलेल्या पुंगळ्या एकमेकींशी ताडून पाहायची देशपातळीवरची यंत्रणा आहे आणि तिचा पोलिसांना उपयोग होतो. दोन गोळीबारांत एकच हत्यार आहे का, एवढाच तिचा प्रश्न. पण न्यायालयात आता तिथेही सांभाळून बोलावं लागतं. जून २०२३ मध्ये मेरीलँडच्या सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध तीन मतांनी सांगितलं की 'ही गोळी याच पिस्तुलातून सुटली' असं तज्ज्ञाने ठामपणे म्हणू नये, 'खुणा जुळत्या आहेत' इथे थांबावं. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाने पुन्हा एका अभ्यासाचा कायदा केला. या वेळी प्रश्न वेगळा: पिनेच्या टोकावरच सूक्ष्म अक्षरं कोरली तर ती पुंगळीवर नीट उमटतील का?

काकांनी पुंगळी माझ्या हातातून घेतली, पाकिटात घातली, अंगठ्याने कड दाबली.

"टाकून का देत नाही?" मी विचारलं.

"नंबर लिहिलाय त्याच्यावर," ते म्हणाले आणि डबा बंद केला.