कळस दिसत नाही, तरी पळा

सोलापूरच्या पूर्व भागातलं आमचं घर तेलुगू बोलणारं, देव तिरुपतीचा. विठोबाशी माझा संबंध शाळेच्या क्रमिक पुस्तकापुरता. त्यात तत्त्वज्ञानाच्या एम.ए.ला असलेला मुलगा वारीला निघाला म्हटल्यावर मित्रांना करमणूक झाली. नातेपुत्यात माउलींच्या सोहळ्यातल्या एका दिंडीत शिरलो. माळशिरसपर्यंत ऊन, टँकरपुढची रांग आणि पायाला फोड, एवढंच.

खरी गंमत वेळापूरच्या अलीकडे. तिथल्या उतारावरून तुकोबांना पंढरीचा कळस दिसला आणि ते धावत सुटले, अशी आख्यायिका. म्हणून आजही सगळे धावतात. पंढरपूर तिथून तीसेक किलोमीटर. मी थांबून नीट पाहिलं: ऊस, विजेचे खांब, ढग. शेजारच्या टाळकऱ्यांना म्हटलं, "माउली, कळस काही दिसत नाही."

"मला तरी कुठं दिसतोय? पळा!"

पळालो की, पिशवी छातीशी धरून. वर्गात आम्ही श्रद्धेला विधान समजतो आणि ते खरं की खोटं ते तपासतो. धाव्यात विधानच नव्हतं. कुणी न केलेला दावा खोडण्यात कसली हुशारी?

'वारीत जातपात नसते' हा मात्र दावा आहे. कीर्तनात, भाषणात, फ्लेक्सवर छातीठोकपणे केलेला. तो तपासायलाच हवा. वाटेत अनोळखी म्हातारा माझ्या पाया पडला, मी त्याच्या पडलो. ते नाटक नव्हतं. रात्री पंगतीत शेजारच्याने आडनाव विचारलं. तेलुगू आडनाव त्याला कुठल्याच खान्यात बसेना. "म्हणजे कोण तुम्ही?" पद्मशाली, विणकर, असं सांगितल्यावर त्याचा जीव भांड्यात पडला आणि मग भाकरी पुढे आली.

वाखरीच्या तळावर बुवांनी चोखोबांवर डोळ्यांत पाणी आणणारं कीर्तन केलं. चोखोबा चौदाव्या शतकातले, समाधी मंदिराच्या बाहेर, नामदेव पायरीपाशी. दलितांना आत जायला १९४७ साल उजाडलं, तेही साने गुरुजी उपोषणाला बसल्यावर. कीर्तनात हे काहीच नव्हतं. नंतर बुवांना गाठलं.

"कीर्तनात राजकारण आणू नये," ते म्हणाले.

"विठोबाचं दार उघडा म्हणणं राजकारण, तर ते इतकी शतकं बंद ठेवणं काय होतं, बुवा?"

बुवांनी पाण्याचा तांब्या मागवला, मला बसायला सांगितलं आणि आम्ही काकड्याची वेळ होईपर्यंत भांडलो.