सर्व्हरवर कनेक्ट होतं, बाहेरून होत नाही: एसक्यूएल सर्व्हरचे प्रोटोकॉल तपासताना

एसक्यूएल सर्व्हर (मायक्रोसॉफ्टचा डेटाबेस सर्व्हर) ज्या मशीनवर आहे, तिथेच मॅनेजमेंट स्टुडिओ (तो हाताळायचा प्रोग्रॅम) लगेच कनेक्ट झाला, म्हणून नेटवर्कची बाजू ठीक आहे असं समजू नका. त्याच मशीनवरचं कनेक्शन बहुतेक वेळा शेअर्ड मेमरीतून, म्हणजे नेटवर्कला न शिवता मशीनच्या मेमरीतूनच जातं. त्यात टीसीपी (नेटवर्कवरून जोडणीचा प्रोटोकॉल), पोर्ट (सर्व्हर ज्या नंबरवर ऐकतो तो), फायरवॉल यांतलं काहीच तपासलं जात नाही. सर्व्हरच्या नावाआधी 'टीसीपी' आणि कोलन लावून तिथेच पुन्हा कनेक्ट करा. आता अडलं, तर दोष सर्व्हरच्या सेटिंगमध्ये आहे आणि क्लायंटला, म्हणजे बाहेरून जोडणाऱ्या मशीनला, हात लावण्यात अर्थ नाही.

एक्स्प्रेस आणि डेव्हलपर आवृत्त्यांत टीसीपी/आयपी मुळातच बंद असतो. एसक्यूएल सर्व्हर कॉन्फिगरेशन मॅनेजरमध्ये आपल्या इन्स्टन्सच्या (मशीनवर बसवलेल्या एसक्यूएल सर्व्हरच्या एका प्रतीच्या) प्रोटोकॉल्समध्ये जाऊन तो एनेबल करा आणि एसक्यूएल सर्व्हरची सर्व्हिस रीस्टार्ट करा. रीस्टार्टशिवाय बदल लागू होत नाही, आणि नेमकी हीच पायरी सगळ्यात जास्त विसरली जाते.

खरा घोळ टीसीपी/आयपीच्या प्रॉपर्टीजमधल्या आयपी ॲड्रेसेसच्या टॅबमध्ये होतो. शेजारच्या प्रोटोकॉल टॅबमधलं 'लिसन ऑल' यस असेल तर आयपी१, आयपी२ या ओळींत काहीही भरलं तरी सर्व्हर ते वाचत नाही, फक्त तळाचा 'आयपीऑल' पाहतो. नेम्ड इन्स्टन्सला (वेगळं नाव देऊन बसवलेल्या इन्स्टन्सला) तिथे डायनॅमिक पोर्ट असतो, म्हणजे नंबर पक्का नसतो आणि फायरवॉलमध्ये कोणता पोर्ट उघडायचा ते सांगता येत नाही. टीसीपी डायनॅमिक पोर्ट्सचा रकाना पूर्ण रिकामा करा. शून्य ठेवलंत तर डायनॅमिकच राहतो. टीसीपी पोर्टमध्ये १४३३ किंवा ठरवलेला नंबर भरा. रीस्टार्टनंतर एरर लॉगमध्ये 'सर्व्हर इज लिसनिंग ऑन' ही ओळ शोधा. सर्व्हर खरोखर कोणत्या पोर्टवर ऐकतोय हे त्या ओळीवरून कळतं, त्यामुळे माझा विश्वास कॉन्फिगरेशनच्या खिडकीपेक्षा लॉगवर जास्त आहे.

एरर नंबर नीट वाचा. २६ आला तर इन्स्टन्सचा पत्ताच लागलेला नाही: इन्स्टन्सचा पोर्ट क्लायंटला सांगणारी एसक्यूएल सर्व्हर ब्राउझर सर्व्हिस बंद आहे, ती ज्यावर ऐकते तो यूडीपी १४३४ पोर्ट अडलाय किंवा नाव चुकलंय. १००६१ म्हणजे मशीनपर्यंत पोहोचलो, पण त्या पोर्टवर कोणी ऐकत नाही. १००६० म्हणजे उत्तरच आलं नाही, तेव्हा आधी फायरवॉल पाहा. ४० मात्र फसवा असतो. टीसीपी जमला नाही की क्लायंट नेम्ड पाइप्स (जोडणीचा दुसरा प्रोटोकॉल) वापरून पाहतो आणि शेवटच्या अपयशाचंच नाव दाखवतो. मग लोक पाइप्स चालू करत बसतात आणि मूळ टीसीपीचा दोष तसाच राहतो.

क्लायंटवरून पॉवरशेलच्या टेस्ट-नेटकनेक्शनने पोर्ट तपासता येतो, पण ती आज्ञा फक्त टीसीपी पाहते. यूडीपी १४३४ साठी मायक्रोसॉफ्टचं पोर्टक्वेरी (PortQry) हे टूल वापरा. त्याहून सोपं म्हणजे कनेक्ट करताना सर्व्हरचं नाव, स्वल्पविराम, पोर्ट असं लिहा. पोर्ट दिला की ब्राउझरला विचारावंच लागत नाही. जेडीबीसीत (जावा प्रोग्रॅमच्या ड्रायव्हरमध्ये) मात्र स्वल्पविरामाऐवजी कोलन लागतो.

पोर्ट उघडा, लॉग बरोबर, तरी एकाच मशीनवर अडतंय? मग तिथे कोणीतरी जुना अलायस (सर्व्हरचं टोपणनाव, जे दुसऱ्याच पत्त्याकडे किंवा पोर्टकडे नेऊ शकतं) करून ठेवलेला असू शकतो. अलायस ३२ बिट आणि ६४ बिट प्रोग्रॅमसाठी वेगळे साठवले जातात. ते दाखवणारा क्लिकॉन्फ्ग (cliconfg) हा प्रोग्रॅम विंडोजच्या सिस्टम३२ फोल्डरमधला ६४ बिटचा, सिसवाव६४ (SysWOW64) मधला ३२ बिटचा. नावं उलटी वाटतात, म्हणून दोन्ही उघडून पाहा.

ड्रायव्हर (प्रोग्रॅमला सर्व्हरशी जोडणारा भाग) बदलल्यावर सर्टिफिकेटच्या साखळीवर विश्वास नाही असा एरर आला, तर पोर्टशी खेळू नका. मायक्रोसॉफ्टच्या ओडीबीसी ड्रायव्हर १८ पासून एन्क्रिप्शन आपोआप चालू असतं, त्यामुळे सर्व्हरचं सर्टिफिकेट तपासलं जातं. 'ट्रस्ट सर्व्हर सर्टिफिकेट' यस करून काम भागतं, पण ते चाचणीच्या मशीनपुरतंच ठेवा. प्रत्यक्ष वापरातल्या सर्व्हरवर क्लायंटचा विश्वास असलेलं सर्टिफिकेट बसवा, आणि त्यातलं नाव कनेक्शनमधल्या नावाशी जुळतंय याची खात्री करा.